शिस्तीचा धागा

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या शिवारात, पिके निघून रान मोकळे झाल्यावर, बांधावर उभे राहिले की नजर लांबवर जाते. पलीकडच्या शिवेवर एखादा लिंब दिसतो. तो किती लांब आहे असे चार जणांना विचारले तर चार उत्तरे मिळतात, आणि दुपार चढून जमिनीवर मृगजळ हलू लागले की तेच चौघे आपापले उत्तर बदलतात. लांब पल्ल्याच्या नेमबाजीतली सगळी अडचण या साध्या प्रश्नात आहे. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. किती पडेल हे अंतरावर ठरते, आणि नेमके अंतरच डोळ्याला नीट कळत नाही. रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीत, म्हणजे स्कोपमध्ये, जी बारीक रेघांची जाळी दिसते तिला नेमबाज रेटिकल म्हणतात. आज स्कोप घेणाऱ्यापुढे या जाळीचे कितीतरी नमुने असतात: साधी फुली, कडेला जाड व मध्याशी बारीक होणाऱ्या दांड्या, ओळीने मांडलेले ठिपके, खुणांची शिडी, खाली पसरत जाणारे झाड. यातले कोणते घ्यावे? प्रश्न दुकानात विचारला जातो, पण त्याचे उत्तर मला इतिहासात सापडते. यातली प्रत्येक रेघ कधीतरी कोणीतरी काहीतरी मोजण्यासाठी ओढली आहे. ती कशासाठी ओढली हे समजले की निवड पुष्कळ सोपी होते.

आधी आपण शब्दांपाशी थांबू, कारण मराठीने या विषयाची एक जुनी खूण जपून ठेवली आहे. मराठीत बंदूक रोखणारा 'शिस्त' धरतो. हा शब्द फारसीतून आला. तिकडे 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालत ती कडीही. अंगठ्यावरून कडी, कडीवरून दोरीची ओढ, ओढीवरून रोख, असा हा शब्द सरकत आला. पुढे मराठीत तो बाणाबंदुकीपासून सुटला आणि शाळेच्या फळ्यावर, पोलिसांच्या कवायतीत, घरातल्या वागणुकीत जाऊन बसला. हिंदीत मात्र सैन्याच्या आणि एनसीसीच्या शिकवणीत 'शिस्त लेना' म्हणजे आजही नेम धरणेच. 'नेम' या शब्दाचीही तीच कथा: एक नेम लक्ष्यावर धरायचा, दुसरा एकादशीला पाळायचा. रोख धरणे आणि स्वतःला नियमात बांधणे या दोन्हींसाठी आपल्या भाषेने एकच शब्द वापरावा, आणि तोही दोनदा, यात मला मोठे शहाणपण दिसते. दुर्बिणीत ताणलेला धागाही हेच करतो. तो नजरेला बांधतो.

धागा येण्याआधी नजर कशाने बांधत असत? चकलांब्याच्याच तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीवर मागे एक खाच किंवा भोक आणि पुढे, नळीच्या तोंडाशी, एक बारीक उंचवटा असे. त्या उंचवट्याला मराठीत 'माशी' म्हणत. खाचेतून माशी पाहायची आणि माशी लक्ष्यावर टेकवायची. आता या मांडणीतली अडचण पाहा. खाच डोळ्यापासून हातभर, माशी दोन-तीन हात, आणि लक्ष्य शंभर पावले. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली तर शत्रू धूसर, शत्रू स्पष्ट दिसला तर माशी धूसर. शिवाय लक्ष्य दूर गेले की माशी त्याला झाकूनच टाकते. जवळच्या लढाईत हे चालून जाते. लांबच्या माऱ्यात ही धूसरता म्हणजेच चूक.

या अडचणीचे उत्तर राक्षसभुवनच्या लढाईआधी सव्वाशे वर्षे सापडले होते, पण ते सापडले ज्योतिषाला. १६११ मध्ये योहानेस केप्लरने 'डायॉप्ट्रिस' या ग्रंथात दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीची कल्पना मांडली. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल होते, त्यामुळे नळीच्या आत प्रतिमा कुठे जमत नसे. केप्लरच्या रचनेत मात्र दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा नळीत एका ठरावीक जागी जमते, आणि डोळ्याकडचे भिंग त्या प्रतिमेकडे पाहते. याचा एक परिणाम असा की त्या जागी एखादी वस्तू ठेवली तर ती आणि दूरचा तारा एकाच वेळी स्पष्ट दिसतात. हा परिणाम इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या विल्यम गॅस्कॉइन या तरुण ज्योतिषाच्या ध्यानात १६४० च्या आसपास आला, आणि तोही एका कोळ्यामुळे. दुर्बिणीचे खोके उघडे राहिले होते, आत कोळ्याने धागा ओढला होता, आणि सुदैवाने तो अचूक त्या जागी पडला होता. गॅस्कॉइनने पाहिले तेव्हा आकाशावर एक काळी, रेखीव रेघ उमटलेली दिसली. विल्यम ऑट्रेड या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने हे गुपित आपल्याला ईश्वराच्या योजनेने उलगडले अशा कृतज्ञतेने लिहिले आहे. त्याने धाग्याची नेमरेघ बनवली आणि एवढ्यावर न थांबता स्क्रूने जवळ-दूर सरकणाऱ्या दोन पात्यांचे सूक्ष्ममापक तयार केले, ज्याने ग्रहाच्या बिंबाची रुंदी मोजता येई. म्हणजे या साधनाच्या जन्मघडीलाच नेम आणि मोजमाप एकत्र होते. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना गॅस्कॉइन मारला गेला, आणि त्याचे काम वीसेक वर्षे विस्मृतीत पडले.

१६६६-६७ मध्ये पॅरिसमध्ये आद्रियँ ओझू आणि झाँ पिकार यांनी तशाच प्रकारचे सूक्ष्ममापक बनवले, तेव्हा इंग्लंडमध्ये रिचर्ड टाउनली याने गॅस्कॉइनची आठवण जगासमोर आणली. मग एक वाद पेटला. डान्झिगचा योहानेस हेवेलियस हा त्या काळचा थोर निरीक्षक. तो म्हणे, तारे मोजायला उघडा डोळा आणि धातूच्या खाचा पुरेत. रॉबर्ट हुक म्हणे, धाग्याच्या दुर्बिणीशिवाय यापुढे गती नाही. १६७९ मध्ये तरुण एडमंड हॅली डान्झिगला जाऊन हेवेलियसच्या शेजारी उभा राहिला, आणि उघड्या डोळ्यांनी घेतलेली ती मोजमापे किती सुसंगत आहेत हे पाहून चकित झाला. हेवेलियस हरला तो कौशल्यात नव्हे. त्याची नजर त्याच्याबरोबर गेली, धागा मात्र कोणालाही वापरता येत होता. पुढच्या शतकात ही जाळी इतकी रुळली की निकोलास लुई द लाकाय या फ्रेंच ज्योतिषाने केप ऑफ गुड होपला दक्षिणेचे आकाश मोजल्यावर आपल्या दुर्बिणीतल्या चौकटीच्या जाळीचेच नाव एका तारकासमूहाला दिले: 'रेटिक्युलम', लॅटिनमध्ये लहान जाळे. जानेवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास, क्षितिज स्वच्छ असेल तर, तो चकलांब्याहूनही दक्षिणेला अगदी खाली दिसू शकतो.

या जाळीसाठी केस, रेशीम आणि चांदीची तार वापरून झाली, पण शेवटी माणसे पुन्हा कोळ्याकडेच आली. त्याच्याइतका बारीक, एकसारखा आणि ताण सोसणारा धागा कोणाला बनवता येत नव्हता. १७८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउसने आपल्या दुर्बिणीत कोळ्याचे धागे ताणले. याच रिटनहाउसच्या मदतीने चित्रकार चार्ल्स विल्सन पील याने १७७६ च्या सुरुवातीला रायफलीवर दुर्बीण बसवण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला. दुर्बीण पुरेशी पुढे बसेना, आणि धक्क्यासरशी तिचे टोक नेमबाजाच्या डोळ्यावर आदळे. रायफल, दुर्बीण आणि कोळ्याचा धागा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून दहा वर्षांच्या आत गेल्या, आणि तरी त्यांचा मेळ बसला नाही.

याच काळात धागा आपल्याकडे आला, तो मोजणीच्या यंत्रांत बसून. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली तेव्हा त्याच्यासाठी लंडनच्या विल्यम केरीने बनवलेला ३६ इंची थिओडोलाइट समुद्रमार्गे आला. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडले, यंत्र मॉरिशसला नेले, आणि तिथल्या गव्हर्नराने ते सन्मानाने परत पाठवले. अर्धा टन वजनाचे ते धूड १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून आपटले. लॅम्बटनने स्वतः बसून ते दुरुस्त केले. त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत १८१५ मध्ये बीदरला पोहोचली, आणि २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात बीदरच्या पायारेषेपासून पश्चिमेला मुंबईपर्यंतही त्रिकोण जोडले गेले. दख्खनच्या उन्हात दुर्बिणीतली खूण थरथरते, म्हणून एव्हरेस्टने रात्री दिवे लावून निरीक्षणे घेण्यावर भर दिला. आज हजार मीटरवर नेम धरणाऱ्याला जे मृगजळ छळते, तेच त्या मोजणीदारांना छळत होते. आणि अशा यंत्रांत फुली असे ती कोळ्याच्याच धाग्याची, दमट हवेत सैल पडणारी, कोरड्या हवेत ताणली जाणारी.

मोजणीदारांनी फुलीला आणखी दोन आडव्या रेघा जोडल्या, आणि माझ्या मते रेटिकलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हाच. जेम्स वॉटने १७७१ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या कालव्यांच्या पाहणीत ही युक्ती वापरली, आणि १७७८ मध्ये लंडनच्या विल्यम ग्रीनने तिच्यावर लिहिले. मधल्या रेघेच्या वर आणि खाली सारख्या अंतरावर एकेक रेघ ओढायची, आणि दूर उभ्या केलेल्या खुणांच्या काठीचा किती भाग या दोन रेघांत मावतो ते वाचायचे. काठी जितकी दूर तितका जास्त भाग मावतो. रेघा अशा बसवत की एकास शंभर हे प्रमाण राही: काठीचा एक मीटर मावला तर अंतर शंभर मीटर, साडेतीन मावले तर साडेतीनशे. साखळी न ओढता, नाला न ओलांडता, एका जागी उभे राहून अंतर कळू लागले. चकलांब्याच्या बांधावरच्या त्या लिंबाचा प्रश्न इथे सुटला होता. फक्त तो अजून कोणी रायफलीवर नेला नव्हता.

त्याआधी धाग्याची दुर्बीणच रायफलीवर जायला हवी होती. ती नेली मुंबई फौजेतल्या एका अधिकाऱ्याने. डेव्हिड डेव्हिडसन हा स्कॉटिश माणूस हिंदुस्थानातल्या नोकरीच्या काळातच रायफलीवर दुर्बीण बसवून शिकार करत असे. मोकळ्या माळावरचा काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही. झाडाझुडपांचा आडोसा नसलेल्या प्रदेशात लांबून नेम धरण्यावाचून इलाज नसतो. म्हणून दुर्बिणीच्या नेमाची गरज युरोपच्या जंगलापेक्षा अशा माळावर आधी जाणवावी हे मला स्वाभाविक वाटते. मायदेशी परतल्यावर डेव्हिडसनने ते साधन सुधारले, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत दक्षिणेकडच्या नेमबाजांच्या षट्कोनी नळीच्या काही व्हिटवर्थ रायफलींवर, लाकडी दस्त्याच्या डाव्या अंगाला, हीच डेव्हिडसन दुर्बीण बसवलेली होती. आता दुसरा एक कागद पाहा. मुंबई इलाख्याच्या जमाबंदी मोजणीचा पाया घालणारा १८४७ चा प्रसिद्ध संयुक्त अहवाल. त्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या जोडीने तिसरे नाव आहे कॅप्टन डी. डेव्हिडसन यांचे. नाव जुळते, काळ जुळतो, फौजही जुळते. हा तोच माणूस असे मी मानतो. दख्खनची शेते शंकू-साखळीने मोजणाऱ्या खात्याचा अधिकारीच रायफलीवर धाग्याची दुर्बीण चढवतो, यात मला योगायोग कमी आणि सवय जास्त दिसते. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, ३३ फूट लांब-रुंद एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, या हिशेबात दिवस काढणाऱ्याला नेमही मोजूनच धरावासा वाटणार. पुढे निजामाच्या राज्यातही मुंबईच्या धर्तीवर मोजणी आली, आणि मराठवाड्यातल्या सात-बाराच्या मुळाशी तीच साखळी आहे. काळविटांच्या वाट्याला मात्र उशिरा न्याय आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांची शिकार थांबली, आणि १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची शंभरेक वर्षे आपण भरभर ओलांडू, कारण त्यात कारागिरी पुष्कळ असली तरी विचार फारसा नवा नाही. अमेरिकेत जॉन चॅपमनने १८४० च्या दशकात लांब पितळी-पोलादी दुर्बिणींची माहिती छापली, १८५५ पासून विल्यम माल्कम चांगल्या भिंगांच्या दुर्बिणी करू लागला. ऑस्ट्रियात ऑगस्ट फिडलर या वनाधिकाऱ्याने १८८० मध्ये आपली दुर्बीण बनवली, आणि व्हिएन्नात कार्ल रॉबर्ट काहलेसने तो धंदा उभा केला. जर्मन शिकाऱ्यांना संध्याकाळच्या अंधारात बारीक धागा दिसत नसे, म्हणून त्यांच्या जाळीत तीन जाड खुंट आले: एक खालून, दोन बाजूंनी. कमी प्रकाशासाठी जाड, अचूकतेसाठी बारीक, ही ओढाताण इथून सुरू होते. कोळी अजूनही निवृत्त झाला नव्हता. दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेत यंत्रांच्या फुल्यांसाठी काळ्या विधवा कोळिणीचे धागे गोळा केले जात. मग तार आली आणि काचेवर कोरलेल्या रेघा आल्या. १९६२ मध्ये ल्यूपोल्ड कंपनीने ड्युप्लेक्स आणले: बाहेर जाड, मध्याशी बारीक. जाड दांड्या नजर आत ओढतात, बारीक फुली नेम धरते. शिकारीच्या स्कोपमध्ये हीच रचना आजही सर्रास दिसते. पण ती अंतर सांगत नाही.

अंतर सांगायचे तर कोन मोजावा लागतो, आणि कोनाची एककेही आपल्या विषयात दोन घराण्यांची आहेत. एक घराणे अंशाचे: अंशाचा साठावा भाग, इंग्रजीत 'मिनिट', आपल्या ज्योतिषात 'कला'. एक कला शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर झाकते. दुसरे घराणे तोफखान्याचे, एकोणिसाव्या शतकातले: त्रिज्येएवढ्या कमानीचा कोन घ्यायचा, त्याचे हजार भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे मिलिरेडियन, नेमबाजांच्या तोंडी 'मिल'. एक मिल शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर आणि हजार मीटरवर एक मीटर झाकतो. दोन्हींचे नाते असे की एका मिलमध्ये ३.४३८ कला मावतात. हा आकडा वाचून ज्योतिषाच्या जाणकाराला थबकायला होईल. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने कोनांच्या 'ज्यां'ची, म्हणजे साइनची, सारणी केली तेव्हा वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला धरली होती, कारण परीघ २१,६०० कलांचा असेल तर त्रिज्या तेवढीच येते. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मधल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त तीच त्रिज्या वापरली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. म्हणजे त्रिज्येच्या मापात कोन मोजण्याची कल्पना खानदेशातल्या पाटणच्या मठात शिकवली जात होती, आणि नेमबाज आज आपल्या वहीत जो गुणक लिहून ठेवतो तो आर्यभटाच्या त्रिज्येचा हजारावा भाग आहे. कोणी कोणाकडून घेतले असा दावा इथे करायचा नाही. वर्तुळ एकच असल्यामुळे आकडा एकच येतो. पण आपल्या माणसांनी तो आकडा इतक्या आधी हाताळला होता, हे मराठी नेमबाजाला माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

मोजणीदाराच्या त्या दोन रेघा रायफलीत खऱ्या अर्थाने उतरल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६३ मध्ये सोव्हिएत सैन्याने ड्रॅगुनोव्ह रायफल स्वीकारली. पुढे भारतीय सैन्यानेही ती वर्षानुवर्षे वापरली. तिच्या दुर्बिणीत डाव्या बाजूला खाली एक वक्ररेघ असते. १.७ मीटर उंचीचा माणूस या रेघेत आणि तळाच्या आडव्या रेघेत जिथे बरोबर मावतो तिथला आकडा वाचायचा, तेच अंतर. हिशेब करायचा नाही, यंत्रानेच तो करून ठेवला आहे; पण लक्ष्याची उंची १.७ मीटर नसेल तर ती रेघ मुकी होते. अमेरिकेच्या मरीन कोअरने १९७० च्या दशकाच्या अखेरीस दुसरा मार्ग धरला. फुलीच्या चारही भुजांवर एकेका मिलच्या अंतराने ठिपके मांडले: हे मिल-डॉट. आता उंची माहीत असलेली कोणतीही वस्तू चालते. त्या लिंबाखाली १.७ मीटरचा माणूस उभा असेल आणि तो दोन मिलमध्ये मावत असेल, तर १७०० भागिले दोन, म्हणजे ८५० मीटर. आणि मला विशेष आवडलेली गोष्ट अशी: मिल-डॉटमध्ये मध्यापासून पाच मिलवर जाड दांडी सुरू होते. दांडीपासून समोरच्या दांडीपर्यंत दहा मिल. दहा मिल म्हणजे एकास शंभर. वॉट आणि ग्रीनच्या परंपरेतल्या मोजणीदाराने काठी वाचण्यासाठी पक्के केलेले तेच प्रमाण.

गेल्या पंचवीस वर्षांत या जाळीला फांद्या फुटल्या. डेनिस सॅमट यांच्या होरस कंपनीने फुलीखाली खुणांच्या आडव्या ओळी मांडल्या, खाली जाल तशा रुंद होणाऱ्या, म्हणून नेमबाज तिला झाड म्हणतात. टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम सरकवायची फिरकी, फिरवून क्लिक मोजत बसण्याऐवजी गोळी जितकी पडेल तितके खालचे आणि वारा जितका ढकलेल तितके बाजूचे घर निवडायचे आणि तिथेच लक्ष्य धरायचे. जोडीला एक जुनाच प्रश्न नव्याने आला: जाळी बसवायची कुठे? झूमच्या दुर्बिणीत प्रतिमा दोन जागी जमते. पहिल्या जागी, फर्स्ट फोकल प्लेनमध्ये, जाळी बसवली तर झूम वाढवताना रेघाही लक्ष्याबरोबर मोठ्या होतात आणि मिल कायम मिलच राहतो. दुसऱ्या जागी बसवली तर रेघा नेहमी सारख्याच जाड दिसतात, पण त्यांचे माप एकाच झूमवर, बहुधा सर्वांत मोठ्यावर, खरे असते. २४ पटीवर खरी असलेली जाळी १२ पटीवर वापरली तर तोच माणूस दोनऐवजी एकाच खुणेत मावेल, आणि आपला हिशेब ८५० ऐवजी १७०० मीटर सांगेल.

महाराष्ट्राचे नाव जगात नेणारे रायफल नेमबाज, २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत किंवा १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, यांच्या रायफलीवर स्कोप नसतो. ऑलिंपिकच्या नियमांत तो बसत नाही. मागच्या बारीक भोकातून पुढचे कडे आणि कड्यात काळे वर्तुळ, ही खाच आणि माशीचीच शुद्ध होत गेलेली परंपरा आहे. तिथे अंतर ठरलेले असते, मोजायचे काही उरत नाही, म्हणून जाळीची गरजही नाही. जिथे अंतर ठरलेले नसते तिथेच रेटिकल लागते, आणि म्हणून ते निवडताना मी पहिला प्रश्न मोजण्याचाच विचारीन. जाळी आणि टरेट एकाच घराण्याचे आहेत ना? जाळी मिलची आणि क्लिक कलेचे, असे स्कोप बाजारात मिळत आले आहेत, आणि घाईच्या वेळी ३.४३८ ने गुणणे कोणाला साधत नाही. मीटरमध्ये वाढलेल्या माणसाने मिल घ्यावा. हजारावर एक ही नोंद तोंडपाठ राहते. अंतर बदलते असेल तर जाळी पहिल्या जागी बसवलेली असावी. रेघ किती जाड आहे तेही पाहावे: ०.०३ मिलची रेघ हजार मीटरवर तीन सेंटिमीटर झाकते, ०.१ मिलची दहा. मात्र पहिल्या जागेवरची फार बारीक रेघ कमी झूमवर हरवते, तेव्हा कडेला जाड दांड्या हव्यातच. तो जर्मन शिकाऱ्यांचा धडा आहे. आणि झाड? त्याचा उपयोग मोठा आहे, पण ज्याने आधी साध्या खुणांवर हजार गोळ्या घातल्या आहेत त्यालाच. मराठवाड्याच्या उन्हात मृगजळ उसळते तेव्हा वारा किती वाहतो हे त्याच्या तिरप्या धावेवरून वाचायचे असते, आणि खुणांनी भरलेल्या काचेत नेमके तेच दिसेनासे होते. मी स्वतः मोकळ्या जागेची जाळी घेईन: बारीक मध्य, अर्ध्या किंवा पाव मिलच्या खुणा, खाली थोड्याच ओळी.

स्कोप हाती आल्यावर, तो रायफलीवर चढवण्याआधी, आणखी एक काम करण्यासारखे आहे. मोकळ्या रानात पोलादी टेपने शंभर मीटर मोजावे. टेप भिंगापासून सुरू करावी. त्या टोकाला मीटरची पट्टी उभी करावी आणि इकडे नुसता स्कोप तिपाईवर घट्ट बसवून त्यातून पाहावे, तेही सकाळी लवकर, जमीन तापण्याआधी. पट्टीचे वरचे टोक एका खुणेवर टेकवावे आणि खालचे टोक कुठे येते ते वाचावे. ते दहा मिलवर आले तर काचेवर कोरलेले माप खरे आहे. साडेनऊवर किंवा साडेदहावर आले, तर तो आकडा वहीत पहिल्या पानावर लिहावा, आणि पुढचा प्रत्येक हिशेब त्याच्यावरून करावा.